मुकादमाचा चौथा कोपरा

आमच्या पुनावळ्याच्या घरमालकीणबाईंनी माझ्या एकुलत्या एका चांगल्या कुडत्याची उजवी बाही कापली, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही. कुडता पोपटी रंगाचा होता, पुनावळ्यात आल्यावर पहिल्या पगारातून हौसेनं घेतलेला, आणि अंगणात दोरीवर वाळत होता. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर दोरीवर एका बाहीचा कुडता, आणि ओट्यावर बाई मांडी घालून बसलेल्या. मांडीवर गोधडी, गोधडीवर कापडाचा पोपट, आणि पोपटाच्या पाठीवर माझी बाही.

"आत्या, हे काय केलंत?"

"असा रंग दुकानात घावत न्हाई, बाय," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुपल्या अंगावर त्यो कोन बघनार हाय? हितं पोपट तरी झाला."

माफीचा एक शब्द नाही. उलट पुढच्या आठवड्यात मलाच विचारलं, दुसरी बाही वापरणार आहेस का.

बाईंचं म्हणणं असं, की डबा भरताना मी रोज खिडकीतून त्यांच्या खऱ्या पोपटाला मिरची देत होते, तेव्हा माझ्या बाहीवर त्यांचा हक्क होताच. त्यांचा नियमच तसा होता. जनावर ज्याच्या हातचं खातं, त्याच्या अंगावरच्या कापडात त्याची गोधडी शिवायची. दुसरं कापड चालायचं नाही, मग ते रेशमी असो की मखमली. "खाऊ घातल्याबिगर कापडाला माया येत न्हाई," असं त्या सांगायच्या. मला मात्र हा नियम बाही कापून झाल्यावर सांगितला, आधी नाही.

त्यांना आत्या म्हणायचं हाही नियम. आम्ही लातूरकडून आलो तेव्हा मी सवयीनं "मावशी" म्हणाले, तर तिथल्या तिथे फटकारलं. "मावशी धुन्याभांड्याला येती. मला आत्या म्हनायचं. आत्याचा मान मोठा असतो." गावठाणातलं त्यांचं घर बसकं, पत्र्याचं, मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या. कुंपणाच्या भिंतीपलीकडे उंच इमारत. ती जमीन एकेकाळी त्यांचीच. मुलानं बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट घेतले, आणि इमारतीत सोसायटी झाली तेव्हा तो चेअरमन झाला. बाई मात्र भिंतीच्या अलीकडेच राहिल्या. त्यांना वर नेण्याचा प्रयत्न झाला होता, नाही असं नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की गाय लिफ्टमध्ये मावेल का.

भिंतीच्या अलीकडे त्यांचा सगळा सरकारी कारभार होता. म्हणजे जनावरांना त्या सरकारी हुद्द्यांची नावं ठेवायच्या. करड्या बोक्याचं नाव तलाठी, कारण तो वेळेवर कधी भेटत नसे आणि भेटला तर खाऊन जात असे. म्हशीचं नाव मामलेदारीण, ती आम्ही येण्याआधीच गेलेली. गाईला सर्कल म्हणत. पुढे मीही बोलताना "आज तलाठी आले नाहीत का?" असं सहज विचारू लागले. एकदा घरभाड्याच्या करारासाठी खरोखरचे तलाठी कशाला लागतील का, अशी चौकशी माझ्या नवऱ्यानं केली, तर त्याला बोक्याची वाटी दाखवण्यात आली.

गोधड्या मी लहानपणापासून पाहिलेल्या. आमच्याकडे वाकळ म्हणतात. ठिगळाला ठिगळ लावायचं, कडेनं धावदोरा घालत मध्यावर यायचं, झालं. बाईंची गोधडी तशी नव्हती. ठिगळांच्या मधोमध एक जनावर झोपलेलं असे. कायम झोपलेलंच. "जागं जनावर तोंडाचं सोंग करतं, मानसासारखं," असं त्यांचं मत. जनावर झोपलं की त्या समोर जाऊन बसत, तासन्‌तास बघत, आणि मग खडू नाही, पेन्सिल नाही, थेट कात्रीच चालवत. धावदोरा सरळ न नेता अंगाच्या वळणानं फिरवत, पाठीवरून पोटाकडे, पोटावरून मांडीकडे. त्यामुळे लांबून बघितलं की ते जनावर श्वास घेतंय असं वाटे. हे मी रागावलेली असूनही सांगते आहे, म्हणजे खरं समजा.

पुण्याहून एक बाई आल्या होत्या, प्रदर्शनं भरवणाऱ्या. याला आर्ट क्विल्ट म्हणतात, बाहेर याला किती मागणी आहे, खाली कोपऱ्यात तुमचं नाव घाला, असं त्यांनी पुष्कळ समजावलं. आत्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "नाव कशाला घालू? झोपलाय त्यो. उठवायचा का त्याला?"

आणखी एकदा वाकडकडचं एक जोडपं गाडी घेऊन आलं. त्यांचा लाडका कुत्रा वारला होता. फोनवर फोटो दाखवले, वाढदिवसाचे, टोपी घातलेले. बाईंनी सगळे फोटो मन लावून पाहिले आणि विचारलं, "ह्याला खायला कोन घालायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "स्वयंपाकाच्या ताई घालायच्या," ती मुलगी म्हणाली.

"मंग त्यांची साडी आना. आन् तसंबी मेल्याल्याची मी करत न्हाई. जित्तं असतं तवा आनायचं."

ती मुलगी रडवेली होऊन गेली. मी बाईंवर चिडले, इतकं तोडून बोलायची काय गरज होती म्हणून. त्या म्हणाल्या, गोधडीला घास कोण घालणार मग, तू?

हा घासाचा प्रकार सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. गोधडी उपाशी ठेवायची नसते, असं त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलेलं. तीन कोपरे बंद झाले की चौथ्यात भाकरीचा वाळका तुकडा ठेवायचा आणि मग शेवटचा टाका घालायचा. बाईंनी त्यात आपली भर घातली. जनावराच्या गोधडीचा चौथा कोपरा त्या जनावरासमोरच शिवायचा. भाकरीचा तुकडा हातावर धरायचा, अर्धा जनावरानं खायचा, उरलेला अर्धा कोपऱ्यात जायचा. जनावर खाईपर्यंत कोपरा उघडा. तलाठ्यानं अख्खा पावसाळा भाकरी हुंगून परत केली आणि तेवढा काळ त्याची गोधडी कोपरा उघडी टाकून पेटीवर पडून होती. शेवटी बाईंनी तुकडा दुधात बुडवला, तेव्हा साहेबांनी मान्यता दिली.

घास न देता कोपरा त्यांनी आजवर एकदाच शिवला होता. मामलेदारीण गोधडी पुरी होण्याआधी गेली. तेव्हा त्यांनी काळ्या दोऱ्यानं रिकामा कोपरा बंद केला आणि गोधडी तिच्याबरोबर शेतातल्या खड्ड्यात ठेवली. घास न देता शिवला म्हणजे ते जनावर मेलं, इतका साधा अर्थ. मुलानं स्वतः तो खड्डा खणला होता. त्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे.

मुलगा वाईट नव्हता, असं मी सुरुवातीला म्हणत असे. मला ताई म्हणायचा. पांढरा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ, रोज सकाळी बाराव्या मजल्यावरून खाली येऊन आईच्या हातची भाकरी-ठेचा खायचा आणि मगच कामाला लागायचा. वर बायकोनं पोहे केलेले असले तरी. बाई त्याला ताटात वाढत नसत, तव्यावरची थेट हातावर देत.

मुकादम हा कुत्रा. तपकिरी, जाडजूड, डाव्या कानाला महापालिकेची खाच, म्हणजे नसबंदी झालेला. शेत होतं तेव्हापासूनचा. बांधकाम चालू होतं तेव्हा सकाळी सगळे मजूर येईपर्यंत भुंकायचा आणि आले की गप्प बसायचा, म्हणून हे नाव. लोक राहायला आले तसा तो सोसायटीच्या गेटवर झोपू लागला. त्याची गोधडी बाई वर्षभर करत होत्या. अंग वॉचमनच्या जुन्या खाकी शर्टाचं, पाठ एका गवंड्याच्या लुंगीची, पोट बाईंच्या लुगड्याचं. कान माझ्या नवऱ्याच्या कंपनीच्या करड्या पँटचा. ती पँटही दोरीवरूनच गेली. तीन कोपरे झाले होते. घास उद्या देऊ, सण आहे, पुरणाची पोळी देऊ, असं म्हणून त्यांनी चौथा ठेवला होता.

सणाच्या सकाळी मुकादम गेटवर नव्हता.

बाई हातात पोळी घेऊन उभ्या, मी शेजारी. वॉचमन जमिनीकडे बघून म्हणाला, "टेंपो आला होता पहाटे. चाकणकडे गेला. मला काही विचारू नका आत्या, कमिटीनं सांगितलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, असा नियम आहे. हे त्या कमिटीतल्या शिकल्यासवरलेल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. म्हातारा कुत्रा. कुणाला चावला नाही, कुणाचं सांडलं नाही. डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटरवर भुंकायचा हा त्याचा गुन्हा. त्याच्या राखणीखाली ज्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांनीच त्याला टेंपोत कोंबलं.

मुलगा भाकरीला आला तेव्हा बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "आई, कमिटीचा निर्णय होता. माझ्या एकट्याचा न्हाई."

"तू कोन हायेस कमिटीत?"

"चेअरमन."

"मंग?"

तो भाकरी खात राहिला. कमिटी ही फार सोयीची गोष्ट आहे. त्यात सगळे असतात आणि सापडत कुणीच नाही.

त्या दिवसापासून माझ्या मागे काम लागलं. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते, रोज बसनं जायचे. बाईंनी हुकूम सोडला, खिडकीजवळ बसायचं आणि बघत जायचं. संध्याकाळी ओट्यावरून एकच प्रश्न, "दिसला का?" मी नाही म्हटलं की त्या माझ्यावरच डाफरायच्या, डुलकी काढली असशील. पुढे तर बसमधले सगळेच बघू लागले. आकुर्डीला चढणाऱ्या दोन मुली डावी बाजू सांभाळत, मी उजवी. ड्रायव्हरभाऊ आरशात बघून विचारत, "मॅडम, कान कुठला, डावा ना?"

अशात सोसायटीचं क्लबहाऊस पूर्ण झालं. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात बाई भाचीकडे गेल्या होत्या. मुलानं त्यांच्या पेटीतून मुकादमाची गोधडी काढून नेली. लोकांना स्थानिक कला दिसली पाहिजे, अशी कमिटीत चर्चा झाली होती म्हणे. ती काचेच्या चौकटीत बसवली, वर दिवा सोडला, आणि खाली पितळी पाटी लावली: "मुकादम, आमच्या मातीचा राखणदार". ज्यांनी राखणदाराला टेंपोत घातलं, ते त्याच्या खाली ओळीनं उभे राहून फोटो काढत होते. लाज कशाला म्हणतात ते या माणसांना कुणी शिकवलं नव्हतं का? एक काकू मला म्हणाल्या, किती गोड आहे ना, अगदी खरा वाटतो. मी म्हटलं, खरा तुम्हाला चालला नाही.

बाईंना पहिल्या रांगेत खुर्ची होती. प्रमुख पाहुणे बोलत असताना त्या उठल्या आणि चौकटीपाशी गेल्या. त्यांनी ना दिवा पाहिला, ना पाटी. त्या वाकून उजवीकडचा खालचा कोपरा बघत राहिल्या. तिथे मशीनची पांढरी, चकचकीत शिवण होती.

"ह्यो कोपरा कुनी शिवला?"

पाहुणे थांबले. मुलगा हसत हसत पुढे आला. "आई, ते उघडंच राहिलं होतं. बरं दिसत नव्हतं. टेलरकडून करून घेतलं."

"घास दिला व्हता का?"

"कुनाला?"

"मुकादमाला."

त्याला समजलं होतं. मामलेदारिणीचा खड्डा त्यानंच खणला होता, मी सांगितलंच. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला आणि मग त्याला सगळ्यांदेखत राग आला.

"आई, लोकं बसल्यात. घरी बोलू."

"जित्ता असंल तर जित्त्याला मारलास तू," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "काच काढ."

काच निघाली. बाई त्या गुळगुळीत फरशीवर मांडी घालून बसल्या, बांगडीतली पिन काढली आणि शिवण उसवू लागल्या. मशीनचा टाका बारीक, वेळ लागतो. कुणीतरी गाणी लावली. लोक बाईंना वळसा घालून गुलाबजामच्या टेबलाकडे जात होते. मी शेजारी बसून उसवलेले दोरे गोळा करत होते. कोपरा पूर्ण मोकळा झाल्यावर त्यांनी गोधडीची घडी घातली, डोक्यावर घेतली आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा भाकरीला आला नाही. त्यानंतरही नाही.

मुकादम सापडला तो ड्रायव्हरभाऊंना. चाकणच्या पुढे जिथे ट्रक रांगेनं थांबतात, त्या मैदानाच्या फाटकावर. रविवारी मी आणि बाई रिक्षानं गेलो. मुकादम वाळलेला असेल, खरजेनं भरलेला असेल, असं मी मनाशी धरून गेले होते. तो चांगला गलेलठ्ठ झाला होता. ट्रकवाल्यांनी त्याचं नाव शेरू ठेवलेलं. बाईंना पाहिल्याबरोबर तो असा काही ओरडत आला की फाटकावरचा माणूस काठी घेऊन उठला.

बाईंनी पदराची गाठ सोडून भाकरी काढली. मुकादमानं अर्धा तुकडा खाल्ला. उरलेला अर्धा त्यांनी बरोबर आणलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात ठेवला, तिथेच पडलेल्या एका टायरवर बसल्या आणि शिवायला लागल्या. इतके महिने उघडा असलेला कोपरा पाहता पाहता बंद झाला. त्यांनी दाताने दोरा तोडला.

मला त्याला परत न्यायचं होतं. नुसतं न्यायचं नव्हतं, तर क्लबहाऊसच्या त्या पितळी पाटीसमोरून मिरवत न्यायचं होतं, सगळ्या कमिटीच्या नाकावर टिच्चून. रिक्षावाला तयार होता. मुकादम रिक्षापर्यंत आलाही. तेवढ्यात मागे एक ट्रक सुरू झाला, आणि तो वळून भुंकत त्याच्याकडे धावला.

"कामावर हाय त्यो," बाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. तिकडं नेऊन पुन्यांदा टेंपोत घालायला व्हय?"

आणि त्यांनी ती गोधडी फाटकाच्या खोपटात, ऑइलनं काळ्या झालेल्या जमिनीवर अंथरली. वर्षभराचं काम. माझा जीव तुटला. मी म्हटलं, आत्या, निदान ही तरी परत घ्या, इथे चार दिवसांत चिंध्या होतील. त्या म्हणाल्या, "मंग काय भिंतीला टांगू?" परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं, त्या रिक्षात झोपल्या होत्या.

पुढे आम्ही आकुर्डीला घर घेतलं. बाईंकडे जाणं कमी झालं. मध्यंतरी एका सकाळी गेले, तर त्या नेहमीसारख्या ओट्यावर, मांडीवर नवी गोधडी. मध्ये एक खोंड झोपलेलं, पाय पोटाशी घेतलेलं, मान वळवून. इतकं सुंदर जनावर त्यांनी याआधी शिवलेलं मला आठवत नाही. पण सगळं खोंड नऊवारी लुगड्यांचं होतं. हिरवं, अंजिरी, विटकं जांभळं. खाकी नाही, लुंगी नाही, कुणाची पँट नाही.

"आत्या, दोरीवर या वेळी काही मिळालं नाही वाटतं," मी चिडवलं. "सगळी तुमचीच लुगडी?"

"ह्याला दुसऱ्या कुनी खाऊ घातलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "लहान व्हता तवा दुसऱ्याच्या हातचं घेतच नसायचा."

"नाव काय ह्याचं?"

"चेअरमन."

मी खाली पाहिलं. तीन कोपरे बंद होते. चौथा उघडा होता, आणि शेजारी ताटलीत झाकून ठेवलेली भाकरी होती.

"रोज करता?"

"रोज. शिळी कशी देऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. मी अंगणात येऊन वर पाहिलं. बाराव्या मजल्याच्या गॅलरीत तो उभा होता, हातात चहाचा कप, आणि खाली ओट्याकडेच बघत होता. माझी नजर जाताच आत गेला. इतक्या उंचावरून भाकरीचा वास जात नसेल, मान्य आहे. पण त्या इमारतीला लिफ्ट आहे. एक नव्हे, दोन आहेत.